आपला सर्व्हर उभा करण्याआधी

संपादक महाशय,

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून कारवार, बिदर, भालकीपर्यंतच्या मराठी माणसांची देवाणघेवाण आज व्हॉट्सॲपचे गट आणि फेसबुकची पानं यांवर चालते. गट १,०२४ जणांवर अडतो. येळ्ळूर, कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांची पत्रिका असो की मराठी शाळेच्या पटसंख्येचा प्रश्न, चार दिवसांत तो मजकूर खाली जातो आणि पुन्हा सापडत नाही. आपला स्वतःचा मंच असावा ही इच्छा रास्त आहे आणि आवाक्यातलीही आहे. ट्विटरसारखा मंच स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू ठेवलेल्या संगणकावर, चालवण्याची मॅस्टोडॉन ही प्रणाली २०१६ पासून मुक्त परवान्याखाली मिळते. २०१८ च्या जानेवारीत मान्य झालेल्या ॲक्टिव्हिटीपब या संवादाच्या सामायिक प्रमाणामुळे असे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. प्रणाली बसवायला एक दिवस पुरतो. दहा हजार माणसांसाठी ती वर्षानुवर्षं चालती ठेवणं हे वेगळं काम आहे. जी वाचनालयं आणि मंडळं ते अंगावर घेऊ पाहतात त्यांच्यासाठी, या क्षेत्रात काम करणारे म्हणून, आम्ही हे लिहीत आहोत. पैसा आणि माणसं यंत्रावर लावण्याआधी कुठे लावायची, एवढाच आमचा मुद्दा आहे.

पहिला निर्णय डोमेनचा, म्हणजे मंचाच्या इंटरनेटवरच्या नावाचा. प्रत्येक सदस्याचा पत्ता डोमेनला जोडलेला असतो, आणि सर्व्हर एकदा सुरू झाल्यावर ते बदलण्याची सोय मॅस्टोडॉनमध्ये नाही. बदललं तर बाकीच्या सर्व्हरांच्या लेखी ती सगळी खाती अनोळखी ठरतात. म्हणून डोमेन उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर घेऊ नये. ते नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, निदान पाच वर्षांचे पैसे भरून घ्यावं. आकर्षक दिसतो म्हणून परदेशी देशाचा विस्तार (डोमेनचं शेवटचं टोक) घेण्यात धोका आहे. ‘क्विअर डॉट एएफ’ या सर्व्हरचं डोमेन अफगाणिस्तानच्या विस्तारावर होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते तिथूनच रद्द झालं आणि सर्व्हर संपला. साधं ‘डॉट इन’ घ्यावं. सदस्यनावात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा चालते, हे लोकांना आधीच सांगावं. वर दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं.

यंत्र कुठे ठेवायचं, यावर बैठकीत हमखास वाद होतो. मंडळाच्या कार्यालयात ठेवलं तर भाडं वाचेल, असं कुणीतरी म्हणतंच. आमचं मत स्पष्ट आहे: ठेवू नये. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात वीज जाते तेव्हा यूपीएस काही काळ तारून नेतो, रात्रभर नाही. घरगुती फायबर जोडणीत बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) मिळत नाही, आणि अशा जोडणीवरून पाठवलेली ईमेल मोठ्या सेवा स्वीकारत नाहीत. मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचं यंत्र घ्यावं. डिस्क एनव्हीएमई या वेगवान प्रकारचीच असावी, कारण या प्रणालीत प्रोसेसरच्या आधी डिस्क दमते. २०२२ च्या नोव्हेंबरात ट्विटर सोडणाऱ्यांची लाट आली तेव्हा ‘हॅकीडर्म’ हा सर्व्हर महिनाभरात हजाराच्या आतून तीस हजार सदस्यांपर्यंत गेला. तो घराच्या तळघरात चालत होता आणि बिघडत चाललेल्या डिस्कांनीच त्याला जेरीस आणलं. शेवटी सगळं डेटा सेंटरात हलवावं लागलं.

पहिल्या पाचशे सदस्यांसाठी ४ कोर, ८ जीबी रॅम आणि १६० जीबी डिस्क पुरते. दहा हजार खाती आणि त्यातली रोज येणारी दीड-दोन हजार माणसं धरली, तर दोन यंत्रं हवीत. एकावर फक्त पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, ८ कोर आणि ३२ जीबी रॅम. दुसऱ्यावर बाकी सगळं, तेवढ्याच ताकदीचं. हा अंदाज आहे. खरा भार नोंदलेल्या खात्यांवर ठरत नाही. ही माणसं बाहेरच्या किती जणांना फॉलो करतात यावर तो ठरतो. शोधासाठीचं इलास्टिकसर्च सुरुवातीला बसवू नये, ते एकटंच काही जीबी रॅम घेऊन बसतं.

आता नेमकं बिघडतं कुठे ते. सदस्याने पोस्ट टाकली की काम तिथे संपत नाही, सुरू होतं. त्याच्या स्थानिक फॉलोअरांपैकी जे अलीकडे येऊन गेले आहेत, त्या प्रत्येकाच्या मुख्य यादीत ती पोस्ट घालावी लागते. बाहेरच्या प्रत्येक सर्व्हरला तिची प्रत पाठवावी लागते. पोस्टीत दुवा असेल तर त्याचं छोटं चित्र आणावं लागतं. ही कामं साइडकिक नावाचा भाग रांगा लावून करतो. रांगा वेगवेगळ्या: स्थानिक कामांची, बाहेर पाठवण्याची, बाहेरून येणाऱ्या मजकुराची, मागवून आणण्याची, ईमेलची आणि वेळापत्रकाची. मूळ मांडणीत सगळ्या रांगा एकाच प्रक्रियेत (चालत्या प्रोग्रॅममध्ये) असतात, आणि गर्दीत बाहेरून येणारा मजकूर बाकीच्यांना गुदमरवतो. सदस्याला दिसतं ते इतकंच, की पोस्ट टाकली पण कुणाला पोचलीच नाही, किंवा नोंदणीची ईमेल तीन तासांनी आली. उपाय असा: स्थानिक कामं आणि ईमेल एका प्रक्रियेत, बाहेर पाठवणं व मागवणं दुसऱ्या, आणि बाहेरून येणारा मजकूर तिसऱ्या. वेळापत्रकाची रांग मात्र एकाच प्रक्रियेत असली पाहिजे. ती दोन ठिकाणी चालली तर तीच कामं दोनदा होतात. रोज पाहायचा आकडा म्हणजे रांगेतल्या सर्वांत जुन्या कामाचं वय. रांगेत किती कामं आहेत याला फारसा अर्थ नाही. वय पाच मिनिटांच्या वर राहिलं की लक्ष घालायचं.

रांगा तुंबल्या की नवखे चालक साइडकिकचे धागे (एकाच वेळी काम करणारे हात) वाढवतात, आणि मग सगळंच थांबतं. पंगतीला वाढपी वाढवले पण मुदपाकखान्याचं दार एकच राहिलं, तसं ते होतं. हिशेब करून पाहा. वेब भागाच्या ४ प्रक्रिया, प्रत्येकी ५ धागे, म्हणजे डेटाबेसशी २० जोडण्या. साइडकिकच्या ३ प्रक्रिया, प्रत्येकी २५, म्हणजे ७५. थेट प्रवाहाच्या भागाला १०. बेरीज १०५. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या देतो आणि त्यातल्या ३ व्यवस्थापकासाठी राखून ठेवतो. म्हणजे ही साधी मांडणीसुद्धा बसत नाही. मधे थोड्या जोडण्या आळीपाळीने वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवावा, ट्रान्झॅक्शन पद्धतीत (एक व्यवहार संपला की जोडणी दुसऱ्याला), आणि मॅस्टोडॉनमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट (डेटाबेसकडे आधी तयार करून ठेवलेल्या आज्ञा) बंद करावीत. नव्या आवृत्तीसाठी डेटाबेसची रचना बदलताना मात्र पीजीबाउन्सरला वळसा घालून थेट पोस्टग्रेसशी जोडावं, नाहीतर बदल अर्ध्यावर अडकतात. पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्सना (हाताशी लागणारी माहिती ठेवण्याच्या जागेला) यंत्राच्या रॅमचा साधारण पाव हिस्सा द्यावा. या रांगा जिथे साठतात त्या रेडिसमध्ये ‘जागा संपली की जुनं काढून टाक’ हे धोरण कधीही ठेवू नये, त्यात रांगेतली कामं गुपचूप नाहीशी होतात आणि कुठेही चूक नोंदली जात नाही.

डेटाबेस एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना आणखी एक खड्डा आहे. लिनक्समधल्या जीलिबसी या मूलभूत संचाने २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याची रीत बदलली. जुन्या प्रणालीवरच्या डेटाबेसच्या फायली उचलून नव्या प्रणालीवर ठेवल्या, की नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेसने ठेवलेल्या अनुक्रमणिका चुकीच्या ठरतात आणि एकाच नावाची दोन खाती तयार होऊ लागतात. हे काही आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही. फायली उचलण्याऐवजी पीजी-डंप या साधनाने सगळ्या नोंदी काढून पुन्हा भराव्यात, किंवा हलवल्यानंतर सर्व अनुक्रमणिका नव्याने बांधाव्यात.

डिस्क भरणं हे सर्वांत नेहमीचं दुखणं. आपल्या सदस्यांची चित्रं त्याला फारशी कारण नसतात; बाहेरच्या पोस्टींबरोबर येणाऱ्या चित्रांच्या प्रती जागा खातात. सरासरी ५०० केबीचं चित्र धरलं तर एक लाख चित्रं म्हणजे ५० जीबी, आणि मोकळ्या जोडणीत लाखभर चित्रं जमायला वेळ लागत नाही. बाहेरच्या माध्यमांच्या प्रती सात दिवसांनी पुसण्याची सोय व्यवस्थापन पानावर आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. शेजारीच बाहेरचा मजकूर पुसण्याचा रकाना असतो. तो रिकामाच ठेवावा, कारण त्यात सदस्यांनी खूण करून ठेवलेल्या पोस्टीही जातात आणि परत आणता येत नाहीत. चित्रं ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे फायली ठेवण्याच्या भाड्याच्या वेगळ्या जागेवर ठेवावीत. डेटाबेस आणि चित्रं एकाच डिस्कवर असली आणि डिस्क भरली, तर पोस्टग्रेस बंद पडतो आणि त्यासोबत सगळा मंच. ८० टक्क्यांवर इशारा लावावा. रिले नावाच्या सेवेला पहिले सहा महिने जोडू नये. ती बाहेरचा सगळा पूर घरात आणते.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जन या दोन रात्री वेगळ्या धराव्यात. फोनवरचे शेकडो व्हिडिओ एकाच वेळी येतात आणि प्रत्येकाचं रूपांतर प्रोसेसर खातं. आदल्या दिवशी कोर वाढवून घ्यावेत, भाड्याच्या यंत्रात ते जमतं.

नोंदणीची पायरी आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. मॅस्टोडॉनमध्ये खातं उघडताना ईमेलवरूनच खात्री होते, मोबाइलवरच्या ओटीपीची सोय नाही. आपल्याकडे कित्येकांना ईमेल आठवत नाही, म्हणून गावोगावी शिबिर घ्यावं लागेल. त्या शिबिरात एकाच वायफायवरून सगळ्यांनी ॲपमधून खातं उघडायला घेतलं, की सहावा माणूस अडतो. एका आयपी पत्त्यावरून ॲपद्वारे अर्ध्या तासात पाचच खाती उघडू देण्याची मर्यादा प्रणालीत आहे. वेबपानावरून ती सैल आहे, म्हणून शिबिरात ब्राउझर वापरावा. सर्व्हरला आयपीव्ही६ हा नव्या पद्धतीचा आयपी पत्ता जरूर द्यावा. जुन्या आयपीव्ही४ वर मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, आयपीव्ही६ वर प्रत्येक फोन वेगळा दिसतो. याच कारणाने त्रास देणाऱ्याचा आयपीव्ही४ पत्ता बंद करू नये. एकाच्या पायी निम्मा तालुका बाहेर राहतो. सर्व्हरच्या पुढ्यात सीडीएन (पानांच्या प्रती वाटणारी मधली सेवा) बसवलं असेल तर त्याचे पत्ते विश्वासू म्हणून नोंदवावेत, नाहीतर सर्व्हरला सगळी माणसं एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात आणि तो सर्वांनाच अडवतो.

ईमेल स्वतःच्या यंत्रावरून पाठवण्याचा हट्ट नको. बरेच भाडेपुरवठादार ईमेल पाठवण्याचं दार, म्हणजे पोर्ट २५, बंदच ठेवतात. ईमेल पाठवणारी सेवा घ्यावी आणि डोमेनवर ईमेल खरंच आपलीच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत, आणि लहानांनाही त्यांचा फायदा होतो. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी हजारो ईमेल गेल्या तर त्या स्पॅममध्ये पडतात. म्हणून दारं एकदम उघडू नयेत. नोंदणी ‘मंजुरीनंतर’ या पद्धतीवर ठेवून दिवसाला शे-दोनशे खाती मंजूर करावीत: या आठवड्यात शहापूर-वडगाव, पुढच्यात कंग्राळी-हिंडलगा, मग खानापूर. त्याने देखरेख करणाऱ्यांनाही उसंत मिळते.

मराठीचा स्वतःचा एक प्रश्न आहे. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ अशा शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. काही कळफलक नुक्त्याच्या र ला हलन्त लावतात, काही साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पुढे शोधयंत्र बसवाल तेव्हा मजकूर आधी एका रूपात आणून मगच अनुक्रमणिकेत घालावा. बेळगावात, बेळगावहून, बेळगावच्या हेही शोधाला वेगवेगळेच. मूळ शब्दापर्यंत नेण्याची सोय तयार मिळत नाही. तोवर गावांच्या नावांचे ठरीव हॅशटॅग वापरण्याची सवय लावावी. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ५०० अक्षरांची मर्यादा मोजताना मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरले जात नाहीत, त्यामुळे मराठीला ऐसपैस जागा मिळते.

देखरेखीचं काम तंत्रज्ञाला देऊ नये. दहा हजार सदस्यांना निदान आठ माणसं पाळीने हवीत. त्यातल्या दोघांना कन्नड नीट वाचता आलं पाहिजे आणि एकाला उर्दू, नाहीतर तक्रार आलेली पोस्ट काय म्हणते हे कळण्याआधीच निर्णय द्यावा लागेल. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी-कन्नड मिश्रण कुठल्याही आपोआप चाळणीला कळत नाही, ते माणसानेच वाचायचं. १७ जानेवारी, १ जून, १ नोव्हेंबर हे सीमालढ्याचे दिवस आणि कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशन या काळात मजकूर आणि तक्रारी दोन्ही वाढतात. त्या दिवसांत नवीन खाती मंजूर करणं थांबवावं आणि पाळ्या दुप्पट कराव्यात. नियम आधी लिहून मराठी व कन्नड दोन्हीत लावावेत, आणि ते आपल्या बाजूच्या माणसालाही तितकेच लागू करावेत. सीमाप्रश्नाबद्दल आम्हाला जे वाटतं ते वाटतंच; पण शेजाऱ्याला धमकी देणारी पोस्ट आपल्या माणसाची म्हणून ठेवली, तर मंचाची किंमत त्याच दिवशी संपते.

कायद्याकडे काणाडोळा नको. असा सर्व्हर चालवणारी संस्था माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार मध्यस्थ ठरते, आणि २०२१ चे मध्यस्थ नियम तिला लागू होतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर दिसला पाहिजे. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत होता. नंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळल्या आहेत, तेव्हा राजपत्रातला ताजा मजकूर वकिलाकडून वाचून घ्यावा. दोन ठिकाणी प्रणालीची मूळ मांडणी आपल्या नियमांशी जुळत नाही. स्थानिक खातं निलंबित केलं की मॅस्टोडॉन ३० दिवसांनी त्याचा मजकूर कायमचा पुसतो, आणि २०२१ चे नियम काढलेला मजकूर १८० दिवस जपायला सांगतात. म्हणून निलंबनाच्या दिवशीच प्रत काढून वेगळी ठेवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदवह्या (लॉग) १८० दिवस भारतात राखाव्या लागतात, तर डेबियन या लिनक्स प्रकारावर, पानं पुरवणाऱ्या एनजिनेक्सच्या नोंदी १४ दिवसांनी आपोआप जातात. ती संख्या बदलावी. घुसखोरी झाल्यास सहा तासांत कळवायचं असतं, त्याचा पत्ता आणि नमुना छापून भिंतीवर लावावा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. शाळांना जोडून घेण्याचा विचार असेल तर ही व्यवस्था आधी लावावी.

संपादक महाशय, एक गोष्ट आपल्यासारख्या वृत्तपत्रांच्या कामाची आहे. आपल्या बातमीचा दुवा कुणी टाकला की ती पोस्ट पोचलेला प्रत्येक सर्व्हर बातमीचं पान स्वतंत्रपणे उघडून चित्र आणतो. थोड्या वेळात शेकडो विनंत्या येतात. त्यांना हल्ला समजून अडवू नये, पानाची साठवलेली प्रत पुढे करावी.

बॅकअपमध्ये रोजचा पीजी-डंप, रेडिसची फाइल, चित्रं आणि प्रणालीच्या गुप्त किल्ल्यांची फाइल, या चारही गोष्टी हव्यात. शेवटची बहुतेक वेळा विसरली जाते. ती हरवली तर दुहेरी सुरक्षा लावलेल्या सदस्यांना आत येता येत नाही. बॅकअप दुसऱ्या शहरात, दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवावा, आणि महिन्यातून एकदा कोऱ्या यंत्रावर तो भरून मंच उघडतो का ते पाहावं. भरून न पाहिलेल्या बॅकअपवर आम्ही विश्वास ठेवत नाही. सुरक्षा दुरुस्त्या त्याच दिवशी लावाव्यात: जुलै २०२३ मध्ये खास बनवलेल्या चित्रातून सर्व्हरवर फाइल लिहिता येईल अशी, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याच्या नावाने वावरता येईल अशी गंभीर त्रुटी सापडली होती. दोन्ही वेळी दुरुस्ती तयार होती, लावणारा माणूस जागा हवा होता.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हर करार मान्य करावा लागतो: द्वेषाविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, निदान आणखी एका माणसाकडे आणीबाणीचा प्रवेश, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. यादीत यायचं नसलं तरी हे चारही मुद्दे संस्थेच्या ठरावात घालावेत. ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ हा हजारो सदस्यांचा सर्व्हर २०२३ मध्ये बंद झाला तो तांत्रिक बिघाडाने नव्हे; तक्रारी आणि भांडणं निस्तरणारा चालक एकटा होता, तो थकला. म्हणून तीन महिन्यांचं भाडं पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवावं आणि त्याला एरवी हात लावू नये. सर्व्हर बंद होताना सदस्याला फॉलोअरांसह दुसरीकडे जाता येतं, पण त्याच्या जुन्या पोस्टी सोबत जात नाहीत. त्या उतरवून घ्यायला लोकांना तेवढा अवधी लागतो.

आपले,
सर्व्हर व्यवस्थापनाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
बेळगाव